रिंस्केला पेनिसिलिन चालत नाही

माझी नणंद रिंस्के हिनं आमच्या वेस्टरवेर गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी पाण्यात ढकललेलं आहे. ती पोरांना पोहायला शिकवणारी बाई होती. आमच्याकडे घराच्या मागच्या दारी कालवा, पुढच्या दारी कालवा, त्यामुळे पोर चालायला लागलं की पोहायलाही लागलं पाहिजे, आणि तेही अंगात स्वेटर, पायांत बूट घालून. तलावाच्या काठावर हातात लांब काठी घेऊन रिंस्के उभी असायची. "पाय मार, पाय! बेडकाला जमतं, तुला नाही जमत?" हा आवाज चर्चच्या घंटेच्या वर ऐकू यायचा. आजही आमचे सरपंच तिला रस्त्यात बघून पोट आत घेतात.

रिंस्के आणि माझा नवरा बाउके जुळे. ती आधी आली, तो मागाहून. हे ती त्याला आजवर विसरू देत नाही. तो शेतकी यंत्रं दुरुस्त करायचा, शांत माणूस. दिवसभरात जेवढं बोलायचं तेवढं न्याहारीलाच बोलून टाकणारा. तिचं नेमकं उलट. शिवाय ती गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. तो ट्रॉम्बोन खरं तर वडिलांनी बाउकेसाठी आणला होता. बाउकेनं तो एकदा फुंकला, गोठ्यातल्या गाई बिथरल्या, आणि त्याच संध्याकाळी ट्रॉम्बोन बहिणीकडे गेला. त्या काळी बँडमध्ये मुली नव्हत्या. रिंस्के सरळ मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि वाजवायला लागली. बाहेर जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण निम्म्या वादकांची पोरं तिच्याकडे पोहायला होती.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे बाउकेला वाटाण्याचं सूप दाटच लागतं, चमचा उभा राहायला हवा. आणि दुसरी, रिंस्केला पेनिसिलिन चालत नाही.

दुसरी गोष्ट मला कशाला सांगितली, ते कळलं नाही. पण ती सगळ्यांनाच सांगितली जायची. हिंके, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला, शाळेतल्या मास्तरांना, रिंस्केच्या होणाऱ्या नवऱ्याला, दुर्कला, साखरपुड्याच्या आधी सांगून मोकळ्या झाल्या होत्या. दुर्क बिचारा दूध गोळा करायची गाडी चालवायचा. त्यानं टोपी काढून गंभीरपणे मान डोलावली होती म्हणे, जशी काही पोरीबरोबर एखादी गाय सांभाळायला मिळणार होती.

झालं होतं ते असं. रिंस्के शाळेत जायच्याही आधीची गोष्ट. थंडीत तिचा घसा सुजला, अंगात ताप भरला. जुने डॉक्टर पोस्तमा सायकलवरून आले, त्यांनी पेनिसिलिन दिलं. दोन-तीन दिवसांत पोरीच्या पोटावर, पाठीवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, "हिंके, या औषधापासून लांब राहायचं हं यापुढे." आणि हिंके जन्मभर लांब राहिली, रिंस्केलाही लांब ठेवलं. घरात देवाचं नाव जेवणाआधी घ्यायचं तसं हे वाक्य.

पुढे रिंस्केनं ते स्वतःचंच करून टाकलं. तिला तीन मुली झाल्या. दर बाळंतपणात सुईण विचारायची, डॉक्टर विचारायचे, नर्स विचारायची, आणि ती खणखणीत आवाजात सांगायची, "पेनिसिलिन चालत नाही!" धाकटीच्या वेळी छातीत दूध साठून गाठ झाली, ताप आला, तेव्हा विचारलं. ओल्या कपड्यांत काठावर उभं राहून राहून तिला लघवीची जळजळ व्हायची, वर्षाआड ठरलेली, तेव्हाही विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी औषध.

त्या दुसऱ्या औषधांच्या कथा आमच्या घरी वाढदिवसाला सांगितल्या जातात. एकानं तिच्या तोंडाला लोखंडाची चव आली. कॉफी प्यायली तरी लोखंड, साखरेचा पाव खाल्ला तरी लोखंड. "ट्रॉम्बोन चाटतेय असं वाटतं," ती म्हणायची, "आणि ट्रॉम्बोन वाजवते तेव्हा तर काही विचारूच नका." दुसऱ्या एका औषधावर उन्हात जायचं नाही असं बजावलं होतं. तो जून महिना, तलाव पोरांनी गच्च भरलेला. ही ऐकणार कुठली? पहिल्या दिवशी भाजून उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली. दुसऱ्या दिवसापासून दुर्कची अंत्यविधीला न्यायची काळी छत्री, पांढरे हातमोजे आणि आईची मोठी टोपी घालून काठावर उभी. पोरांना वाटलं राणीसाहेब आल्या. त्या वर्षी पोरं फार शिस्तीत पोहली.

अशी वर्षं गेली. सासूबाई गेल्या. रिंस्के निवृत्त झाली आणि तिचा उजवा खुबा कुरकुरायला लागला. उन्हाळ्यात आमचा बँड गावातून वाजवत फिरतो, तेव्हा ही चालू शकेना. मग बाउकेनं ट्रॅक्टरला गवताची गाडी जोडली, तिच्यावर खुर्ची बांधली, आणि रिंस्के वरून वाजवत निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मात्र ती मला म्हणाली, "इम्के, मी काय जत्रेतला भोपळा आहे, गाडीवर मिरवायला? मी खुबा बदलून घेते."

शहरातल्या इस्पितळात तिच्याबरोबर मी गेले, कारण दुर्कला इस्पितळाच्या वासानंच घेरी येते. शस्त्रक्रियेच्या आधीची विचारपूस चालू होती. नर्सनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि रिंस्केनं नेहमीचं उत्तर दिलं, इतक्या जोरात की बाहेर बसलेल्या एका आजोबांनी "काय म्हणाल्या?" असं दारातून विचारलं. नर्स हसली. म्हणाली, "मग आधी आमच्या ब्राउवर बाईंना भेटा. खुबा बसवताना जंतू शिरू नयेत म्हणून आम्ही जे इंजेक्शन देतो, ते पेनिसिलिनच्याच गोतावळ्यातलं. ते देता आलं तर सगळ्यांत बरं. तुम्हाला खरंच चालत नाही का, तेवढं पाहून घेऊ."

"खरंच म्हणजे?" रिंस्केचा आवाज चढला. "मी काय गंमत म्हणून सांगते?"

डॉक्टर ब्राउवर म्हणजे उंच, सडसडीत बाई, केस कापलेले, आमच्या थोरल्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची लाल चौकट आम्हाला दाखवली. रिंस्केच्या नावापुढे ती कायमची बसलेली होती. मग पडदा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "आता मला सुरुवातीपासून सांगा. काय झालं होतं?"

"मी लहान होते. पुरळ उठलं."

"श्वासाला त्रास? ओठ, जीभ सुजली? चक्कर?"

"छे. खाजही नव्हती फारशी. आई सांगायची, मी पलंगावर उड्या मारत होते म्हणून."

"घरात आणखी कुणी आजारी होतं?"

"होता की. बाउके होता. आम्ही दोघं एकाच पलंगात. दोघांनाही ताप, दोघांनाही तेच औषध, आणि दोघांनाही पुरळ. आई म्हणायची, दोन लाल ठिपक्यांचे किडे एका पानावर बसल्यासारखे दिसत होतात."

मी खुर्चीत ताठ झाले. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, पण तिच्यात बाउके कधीच नव्हता. "दोघांनाही?" मी म्हणाले. "रिंस्के, पण बाउके तर ते औषध घेतो!"

"काय घेतो?"

"पेनिसिलिन. दाढ दुखली तेव्हा घेतलं. पायात खिळा गेला तेव्हा घेतलं. मागच्या हिवाळ्यात छातीला झालं तेव्हाही. त्याला काही म्हणजे काही होत नाही."

रिंस्के माझ्याकडे बघत राहिली.  मग ती डॉक्टरांकडे वळली आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा! ही माझी भावजय. हिचा नवरा माझा जुळा भाऊ. इतकी वर्षं तो मजेत औषध खातोय आणि मी इकडे लोखंड चाखतेय!"

डॉक्टर ब्राउवर हसू दाबायचा प्रयत्न करत होत्या, पण तो काही फारसा जमला नाही. "हे मी रोज पाहते," त्या म्हणाल्या. "पुरुषाला डॉक्टरकडे नेतं कोण? पाय तुटला तरच तो येतो. बाईला बाळंतपणात विचारतात, लघवीच्या त्रासात विचारतात, मुलांचं काही असलं तरी तिलाच विचारतात. जितकं जास्त विचारणार तितकी ती चौकट पक्की होणार. शिवाय बायकांना ही औषधं दिलीही जास्त जातात, त्यामुळे काही ना काही व्हायची संधीही जास्त."

"म्हणजे हे सगळं नुसतं विचारण्यामुळे?" मी म्हणाले.

"नुसतं नाही. लहानपणी मुलगा-मुलगी असा फारसा फरक दिसत नाही. वयात आल्यावर मात्र बायकांमध्ये ही अ‍ॅलर्जी जास्त दिसते. आमचं शरीर परक्या गोष्टीवर जरा लवकर चवताळतं, त्यात संप्रेरकांचाही हात असावा असं वाटतं. पुरतं कळलेलं नाही, आणि जे कळलेलं नाही ते मी ठामपणे सांगणार नाही. पण एवढं नक्की, ज्यांच्या नावापुढे ही चौकट आहे त्यांतल्या बहुतेकांना तपासल्यावर काहीच निघत नाही. बायका असोत की पुरुष."

"मग बाउकेला चालतं म्हणजे मलाही चालतं?"

"तसं नाही हं. तुमचा भाऊ म्हणजे तुम्ही नव्हे. एका पोटातून आलात तरी शरीरं दोन. तुमचं तुमच्यावरच तपासायला हवं. इथे, आमच्या डोळ्यांसमोर."

आता कुणालाही वाटेल की रिंस्केनं तिथल्या तिथे होकार दिला असेल. नाही. ती उठून उभी राहिली, काठी टेकली आणि म्हणाली, "माझी आई खोटं बोलत नव्हती."

डॉक्टर बाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "त्या अगदी योग्य वागल्या. पुरळ औषधामुळे की त्या तापामुळेच, हे तेव्हा सांगायला कुणाकडे साधन नव्हतं. आपलं लेकरू जपायचं तर दुसरं काय करणार? मी असते तर मीही तेच केलं असतं."

गाडीत रिंस्केनं काठी मांडीवर आडवी धरली होती. कालव्याकाठचे खांब मागे पडत होते, मी गाडी चालवत होते. गाव आलं तेव्हा ती म्हणाली, "आधी तुमच्याकडे."

बाउके स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. रिंस्के कोटही न काढता त्याच्यासमोर उभी राहिली.

"लहानपणी आपल्याला पुरळ उठलं होतं. आठवतं?"

"हं. असेल."

"आणि डॉक्टर पोस्तमांनी काय सांगितलं होतं?"

"तुला पेनिसिलिन चालत नाही म्हणून."

"मला! आणि तुला?"

बाउकेनं कप खाली ठेवला. विचार केला. "माझ्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं वाटतं."

"तुझ्याही पाठीवर तेच होतं ना, शहाण्या!"

"माझी पाठ मला दिसत नाही," बाउके म्हणाला.

मग हळूहळू बाहेर आलं. सैन्यात भरती झाला होता तेव्हा त्याच्या नडगीची जखम चिघळली. तिथल्या डॉक्टरनं काही न विचारता इंजेक्शन ठोकलं, आणि बाउकेनं त्या संध्याकाळी दोन ताटं सूप खाल्लं. घरी कळवलं का? नाही. कशाला कळवायचं? पाय बरा झाला होता.

"मला सांगावंसं वाटलं नाही?" रिंस्के ओरडली.

"तू विचारलं नाहीस."

तिनं टेबलावरचा साखरेचा पाव उचलला. मला वाटलं, आता मारते त्याच्या डोक्यात. पण तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाउकेही हसायला लागला, आणि तो हसतो तेव्हा आवाज येत नाही, नुसता लाल होतो. तो उठून कपाटाकडे गेला. "मागच्या वेळच्या दोन गोळ्या उरल्यात," तो म्हणाला. "घे, बघ इथेच."

मी ती डबी त्याच्या हातातून हिसकावून घेतली. "अक्कल गहाण ठेवलीस का? काही झालं तर काय करणार, ट्रॅक्टरनं नेणार तिला? डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना... नाही, तू नव्हतास. मी ऐकलंय. घरी नाही म्हणजे नाही."

"बरोबर आहे इम्केचं," रिंस्के म्हणाली, आणि पावाचा लचका तोडला. "पण तपासून मी घेणार. याला चालतं आणि मला नाही? बघतेच."

तपासणीच्या दिवशी बाउकेही आला. गाडी तो चालवणार होता, आणि मला वाटतं त्याला थोडी धाकधूकही होती, जरी तो म्हणाला नाही. त्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि सगळ्या खुर्च्यांवर बायका. पुरुष एकटा बाउके. नर्स मिर्यम आत आली, बघितलं आणि खुश होऊन म्हणाली, "वा! आज एक पुरुषही आहे की! तुमच्यापासूनच सुरुवात करू."

"मी ड्रायव्हर आहे," बाउके घाईघाईनं म्हणाला. सगळी खोली हसली.

हसल्यावर बायका बोलायला लागल्या. एकीला तिच्या आजीला चालत नव्हतं म्हणून तिलाही चालत नाही असं घरात ठरलं होतं; तिनं ते औषध उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एकीला गोळीनं मळमळलं होतं, तेवढंच. एक सैलसर हिरव्या कोटातली बाई होती, ग्रीत नावाची, मधमाश्या पाळणारी. ती मात्र हसत नव्हती. चाळिशीत एकदा गोळी घेतली आणि पाचव्या मिनिटाला तिचा घसा आवळला, ओठ फुगले, रुग्णवाहिका आली. "मला खरंच आहे की नाही ते पाहायला त्यांनी बोलावलंय," ती म्हणाली. "मला तर ठाऊकच आहे."

तिच्यासाठी वेगळा मार्ग होता. आधी हातावर बारीक सुईनं औषधाचा थेंब टोचायचा. थोड्या वेळात तिच्या हातावर गांधील चावल्यासारखी गाठ वर आली. डॉक्टर ब्राउवर स्वतः आल्या, पाहिलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं खरं आहे. इथेच थांबलो आपण. पुढचं काही नाही." ग्रीतनं मोठा श्वास सोडला. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. पण ती म्हणाली, "हुश्श. मला वाटत होतं, तुम्ही सगळे मला घाबरट म्हणाल."

"तुम्हाला घाबरट म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा," रिंस्के म्हणाली. "मी त्याला बुटांसकट पाण्यात टाकते."

रिंस्केला सुई नव्हती. तिला आधी गोळीचा अगदी छोटासा अंश पाण्यात घालून दिला. तिनं कप हातात घेतला आणि आत डोकावून पाहिलं. इतक्या वर्षांचं "चालत नाही" ते असं एका घोटात. बाउके तिच्या शेजारच्या खुर्चीत सरकला आणि त्यानं तिचा हात धरला. त्या दोघांना मी कधी हात धरलेलं पाहिलं नव्हतं.

"पी," तो म्हणाला. "मी आहे."

"तू आहेस म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली, आणि प्याली.

मग वाट बघणं. मिर्यम येऊन रक्तदाब बघे, हात बघे, गळा बघे. रिंस्के घड्याळाकडे बघत होती, बाउके रिंस्केकडे, आणि मी दोघांकडे. थोड्या वेळानं रिंस्केनं मान खाजवली. पुन्हा खाजवली. "खाजतंय," ती हळूच म्हणाली. "इम्के, खाजतंय गं." तिचा चेहरा पांढरा झाला. बाउके उठून जवळजवळ पळतच मिर्यमला घेऊन आला. मिर्यमनं स्वेटरचा गळा बाजूला करून पाहिलं, दिव्याखाली पाहिलं, आणि विचारलं, "हा स्वेटर नवा आहे का?"

"दुर्कनं विणलाय. माझ्या वाढदिवसाला."

"लोकरीचा?"

"मग काय लोण्याचा असणार?"

"काढा बरं तो."

काढला. खाज गेली. दुर्कला हे आजवर आम्ही सांगितलेलं नाही. निवृत्तीनंतर शिकलाय बिचारा विणायला, आणि फार मन लावून विणतो.

मग पूर्ण गोळी. पुन्हा वाट. रिंस्के आता सैल झाली होती. ग्रीत घरी न जाता तिच्यासोबत बसून राहिली होती, दोघी मधाच्या आणि पोहण्याच्या गप्पा मारत होत्या. एका बाईनं पिशवीतून आल्याच्या केकचे तुकडे काढले, पण तपासणी चालू असलेल्यांनी काही नवं खायचं नाही म्हणून ते सगळे बाउकेच्या वाट्याला आले.

शेवटी डॉक्टर ब्राउवर आल्या. पाठ पाहिली, पोट पाहिलं, छातीला नळी लावली. "काही नाही," त्या म्हणाल्या. "पुढचे काही दिवस लक्ष ठेवा, उशिरा पुरळ आलं तर लगेच फोन करा. पण आत्ता तरी, रिंस्केबाई, तुम्हाला पेनिसिलिन चालतं."

रिंस्केनं कान पुढे केला. मग म्हणाली, "परत एकदा म्हणा."

"तुम्हाला पेनिसिलिन चालतं."

"अजून जोरात."

डॉक्टर बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खरोखरच जोरात म्हटलं. खोलीतल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचे काही दिवस आमच्या घरांत नुसती जत्रा. जो येईल तो रिंस्केचे हात बघतो. खाटकाची बायको पाठ बघून गेली. आमचे पाद्री सायकल थांबवून म्हणाले, "कसं काय?" आणि रिंस्केनं भर रस्त्यात बाह्या वर केल्या. काही उठलं नाही. इस्पितळातून फोन आला, त्यांनी ती लाल चौकट काढून टाकली. त्याच दुपारी ती एकटीच चर्चच्या मागे आईच्या थडग्यापाशी गेली. आल्यावर मी विचारलं, काय बोललीस? "म्हटलं, तू बरोबर होतीस, पण आता सोड," ती म्हणाली, आणि मग नाक शिंकरून कांदे चिरायला बसली.

खुबा बदलला. इंजेक्शन दिलं, ते मानवलं, जखम छान भरली. काठी गेली. गावात मिरवणूक निघाली तेव्हा ती मागच्या रांगेत पायी होती, आणि तिचा ट्रॉम्बोन जरा अतीच जोरात वाजत होता असं बँडच्या कप्तानाचं मत पडलं. तिला कळवायची हिंमत मात्र त्याला झाली नाही.

खरी गंमत तर पुढेच. रिंस्केला आता नवीन नाद लागला. दुकानात, बँडच्या सरावाला, न्हाव्याकडे, जिथे बाई दिसेल तिथे विचारायचं, "तुला पेनिसिलिन चालतं का?" आणि "नाही" आलं की, "कोण म्हणालं? काय झालं होतं? श्वास अडकला होता का?" नुसत्या बँडमध्येच अशा चार-पाच निघाल्या. क्लॅरिनेटवाली, ढोलवाली, झेंडा धरणारी. एकीला तर फक्त जुलाब झाले होते. रिंस्केनं सगळ्यांना आपापल्या डॉक्टरांकडे पिटाळलं. "मी काही सांगणार नाही," ती बजावायची, "मी डॉक्टर नाही. पण तू जाऊन विचार. ते ठरवतील." दुर्कलाही विचारून झालं. दुर्क म्हणाला, मला माहीत नाही, मी आजारी पडत नाही. झालं, त्यालाही पाठवलं.

आणि मग मे महिन्यातल्या एका दुपारी इस्पितळातून निघालेल्या बायकांची एक छोटी बस हार्लिंगनच्या बंदरावर येऊन थांबली. बस बँडची, चालवत होता बाउके. सगळ्यांची तपासणी झाली होती, एक सोडून सगळ्या मोकळ्या झाल्या होत्या. ती एक म्हणजे आमची ढोलवाली. तिचं खरं निघालं. तिला ग्रीतचा नंबर रिंस्केनं आधीच दिला होता, आणि ग्रीत मधाची बरणी घेऊन बंदरावर हजर होती. दोघींनी मनगटावर एकसारख्या लाल पट्ट्या घातल्या, त्यांवर काय चालत नाही ते कोरलेलं.

"आता आमची टोळी वेगळी," ग्रीत म्हणाली.

"चांगली टोळी आहे," ढोलवाली म्हणाली. "निदान मला माहीत आहे आता, मी कशाला नाही म्हणतेय."

वारा समुद्रावरून येत होता. आम्ही बांधावर ओळीनं बसलो, कागदात गुंडाळलेले गरम तळलेले माशांचे तुकडे मांडीवर. बेटावरची बोट धक्क्याला लागत होती. झेंडेवालीनं सुरुवात केली आणि मग सगळ्याच गायला लागल्या, वाद्यं नव्हती तरी. बाउके बसच्या पायरीवर बसून मासे खात होता. एका सीगल पक्ष्यानं त्याच्या हातातला तुकडा पळवला तेव्हा तो एकदम उभा राहून एवढा ओरडला, एवढा ओरडला, की आम्ही सगळ्या गाणं थांबवून त्याच्याकडे बघायला लागलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला इतका आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.